झोपलेल्या घरातला उजेड

आमच्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. दापोडीला रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत आमची एक खोली होती. पुढं ओटा, मागं मोरी, वर पत्रा. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पिंपरीच्या एका फाउंड्रीत होते आणि त्यांचे धाकटे भाऊ दत्तूकाका भोसरीला प्रेसशॉपमध्ये. दोघांच्या शिफ्ट बहुतेक वेळा उलट्या पडायच्या. एक जण डबा घेऊन निघाला की दुसरा येऊन त्याच गादीवर आडवा व्हायचा. त्या गादीला थंड व्हायला सवड अशी मिळालीच नाही. त्यामुळं मी आणि माझा धाकटा भाऊ कुजबुजत वाढलो. भांडायचं ते कुजबुजत, पाढे म्हणायचे ते कुजबुजत, हसू आलं तर उशीत तोंड खुपसून. गंमत अशी की मालगाडी धडधडत गेली तरी अण्णांची कूस बदलायची नाही, आणि मोरीत चमचा पडला की ते ताडकन उठून बसायचे. आईला तर भाकरी थापतानाही आवाज न करण्याची कला साधली होती. तव्यावर भाकरी पडतानाचा तो हलकासा 'चर्र' आणि येसराच्या आमटीचा घमघमाट, एवढ्यावरूनच जेवण तयार झाल्याचं आम्हाला कळायचं. हाक मारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

आवाजाचं असं जमून गेलं, उजेडाचं मात्र जमत नव्हतं. खोलीला खिडकी एकच आणि तिच्यापुढं हातभरावर शेजाऱ्यांची भिंत. भर दुपारीही पुस्तक वाचायचं तर बल्ब लावावा लागे, आणि बल्ब खोलीच्या मधोमध, बरोबर गादीच्या वर. लावला की झोपलेला माणूस तोंडावर टॉवेल घ्यायचा आणि काही न बोलता भिंतीकडं वळायचा. ते न बोलणंच मला जास्त लागायचं. ओट्यावर जाऊन वाचावं तर गल्लीतली पोरं, पाण्याच्या हंड्यांची रांग, सायकली. आईनं नाना तऱ्हा करून पाहिल्या. वर्तमानपत्राची टोपी केली, ती करपली. तेलाचा डबा कापून बल्बवर घातला, तो तापून कडकड वाजायला लागला. मग एक दिवस, दत्तूकाका झोपलेले असताना, ती बराच वेळ त्या बल्बकडं बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल, नदीवर जाऊन येऊ."

आई परांड्याकडच्या कुंभाराच्या घरातली. तिच्या माहेरी चाकावर बसायचा मान पुरुषांचा. बायकांनी माती चाळायची, लीद घालून मळायची, आणि चाकावरून उतरलेलं जाड बुडाचं मडकं आतून दगड धरून बाहेरून फळीनं थापटत मोठं करायचं. म्हणजे मडक्याला पोट यायचं ते बायकांच्या हातून, हे ती मला अभिमानानं सांगायची. दापोडीत आल्यावर तिनं काही दिवस चुली घालून दिल्या. मग घराघरात गॅस आला आणि तिच्या हातांना मातीचं काम उरलं नाही. मला वाटायचं, तिला त्याचं काही नाही. पण त्या दिवशी पवनेच्या काठावर तिनं पदर खोचला, हातभर खणून आतली चिकण माती काढली, चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकली आणि मान हलवली, तेव्हा मी माझ्या आईला पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या घरात असल्यासारखं पाहिलं.

पहिला दिवा साधा होता. चाक नव्हतंच, तिनं मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक चढवल्या, थापटून एकजीव केल्या आणि एका बाजूला झुकलेली, उपड्या घंटेसारखी एक टोपी केली. गादीच्या बाजूनं तिची कड लांब, माझ्या अभ्यासाच्या बाजूनं आखूड. सुकल्यावर लाल काव लावून साबरीच्या कडक बियांच्या माळेनं घासून गुळगुळीत घोटली. लाइनीकडच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या पिंपात शेण्या आणि लाकडाचा भुसा घालून ती भाजली. होल्डर त्यात बसवून बल्ब लावला तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही, कारण अण्णा झोपले होते. माझ्या पाटापुढं उजेडाचं एक गोल, पिवळं तळं पडलं होतं आणि गादीवर संध्याकाळ होती. त्या दिवशी मी इतिहासाचा अख्खा धडा वाचून काढला. अण्णा उठले, डोळे चोळत विचारलं, "दिवसभर लाइट नव्हती का गं?" आई म्हणाली, होती की. मग त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि चहा मागितला. अण्णांच्या लेखी ती शाबासकी होती.

आमच्या गल्लीत सगळीच शिफ्टवाली घरं. प्रत्येक घरात कुणीतरी झोपलेलं आणि कुणीतरी जागं. महिन्याभरात आईला विचारायला बायका यायला लागल्या. पण ती एकसारखे दिवे करीना. आधी त्या घरी जाऊन बसायची, कोण कुठं झोपतं, स्वयंपाक कुठं, पोरं कुठं बसतात, म्हातारं माणूस कुठल्या कुशीवर झोपतं, सगळं बघायची. मग दिवा. कुणाचा अर्ध्या उघड्या शिंपल्यासारखा, कुणाचा केळफुलासारखा, एकावर एक पाकळ्या आणि त्यांच्या फटींतून झिरपणारा उजेड. एका बाळंतिणीसाठी तिनं पंख मिटून बसलेल्या पारव्यासारखा दिवा केला. पाळण्यावर पंखाची सावली आणि आईच्या हातावर उजेड. हे सगळं सुंदर व्हावं म्हणून ती करत नव्हती असं मी पूर्वी सांगत असे. आता सांगत नाही, कारण ते खरं नाही. काम भागायला साधी टोपी पुरली असती. पारव्याच्या मानेचं ते वळण तिनं कुणी सांगितलं म्हणून दिलेलं नव्हतं.

आता माझ्याकडं लोक येतात. पुनावळ्यातल्या माझ्या कार्यशाळेत इलेक्ट्रिक भट्टी आहे, ग्लेझचे डबे आहेत, चाकणच्या कंपन्यांची गेस्टहाउसं आणि चिंचवडच्या सोसायट्यांतले हौशी लोक दिवे करून घेतात, आणि त्याला 'स्कल्पचरल लायटिंग' म्हणतात. म्हणोत. नाव चांगलं आहे. मी अजून पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारते, या खोलीत झोपतं कोण? काही जण हसतात. उत्तर मिळाल्याशिवाय मी माती मळत नाही.

तर शेवंताकाकूंचा दिवा. शेवंताकाकू आमच्या समोरच्या, जुन्नरकडच्या. त्यांचे यजमान बबनकाका तीनचाकी टेम्पो चालवायचे, चाकणहून भोसरी, भोसरीहून पिंपरी, जिथं माल असेल तिथं. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हाताचा माणूस. त्यांची खोली गल्लीतली सगळ्यात मोठी, म्हणून त्यांना दिवाही मोठा हवा होता. आईनं तोवरचा सगळ्यात मोठा दिवा घडवला, सुगरणीच्या खोप्यासारखा, खाली लांब नळी आणि अंगभर विणीसारख्या रेघा. पिंपात जेमतेम मावला. वर आल्यावर असा लालबुंद दिसत होता की गल्लीतली माणसं उभं राहून बघून गेली. मानेला भोकं पाडून, जाड तार ओवून तो पत्र्याखालच्या अँगलला टांगला.

आठ-पंधरा दिवस गेले असतील. दिवेलागणीनंतर समोरून एक आवाज आला, त्यामागोमाग शेवंताकाकूंची हाक. आम्ही धावलो. बबनकाका ताटावर बसलेले तसेच होते, डाव्या खांद्यावर उजवा हात धरून. ताटात, भातात, मांडीवर सगळीकडं लाल खापऱ्या. दिव्याची मान तारेतच राहिली होती आणि बाकीचा भाग खाली आला होता. सुदैवानं डोकं वाचलं. खांद्याचं हाड मात्र मोडलं. दवाखान्यात नेताना ते एवढंच म्हणाले की वायरीतली लाइट आधी बंद करा, पोरं आहेत. टेम्पोवाल्याचा खांदा मोडला म्हणजे घराचं चाक थांबलं, हे गल्लीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरोघर गेली. दार वाजवायची, स्टूल मागायची आणि स्वतःच्या हातानं दिवा उतरवायची. बायका म्हणत होत्या, राहू दे, आमचा लहान आहे, काही होत नाही. तिनं कुणाचं ऐकलं नाही. शेवटी आमच्या घरातला उतरवला. सगळ्यांचे नागडे बल्ब पुन्हा चालू झाले आणि सगळे झोपणारे पुन्हा भिंतीकडं वळले. कुणी तिला दोष दिला नाही. शेवंताकाकूसुद्धा नाही. पण त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणं सोडलं, आणि आईही खाली बघूनच त्यांच्या घरी रोज भाकरी-कालवण नेऊन द्यायची. मला मात्र दिवसागणिक राग येत होता. आईचा नाही, त्या दिव्याचाही नाही. जे काम तिला इतकं येतं ते तिनं एका फटक्यात टाकून द्यावं याचा. मी तेव्हा आयटीआयला वायरमनचा ट्रेड करत होते. वर्गात मुली हाताच्या बोटांवर, आणि मास्तर सांगायचे, काम बिघडलं तर आधी सप्लाय बंद, मग बिघाड कुठं ते शोध. आई सप्लाय बंद करून बसली होती. शोधत नव्हती.

ते अण्णांनी केलं, ज्यांना मातीत काडीचा रस नव्हता. एका दुपारी दत्तूकाका गादीवर झोपले होते आणि अण्णांची सुटी होती. त्यांनी आईला हळूच विचारलं, तुकडे कुठं आहेत? आई म्हणाली, कसले तुकडे. ते तिच्याकडं बघत राहिले. मग तिनं मोरीच्या कट्ट्यामागून घमेलं ओढून काढलं. तिनं एक खापरी टाकली नव्हती. अण्णांनी वर्तमानपत्र पसरलं, सगळे तुकडे त्यावर मांडले. हे सगळं बोलणं कुजबुजत झालं, हे लक्षात ठेवा. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण कुणालाही ऐकू गेलं नाही.

"आमच्यात कास्टिंग फुटलं तर भट्टी विझवून घरी जात नाहीत," अण्णा म्हणाले. "कुठनं फुटलं ते बघतात."

"लोखंड कुणाच्या ताटात पडत न्हाई," आई म्हणाली.

"लोखंडानं आमच्यातली माणसं गेलीत, सुमन. तुला सांगितली नाहीत एवढंच."

मी अण्णांना आईचं नाव घेताना क्वचितच ऐकलं होतं. तिनं मानेचा तुकडा उचलला, उंबऱ्यावर टेकवून वरवंट्यानं एक बारीक ठोका दिला आणि दोन झालेल्या खापरीची मोड, म्हणजे तुटलेली कड, आमच्यापुढं धरली. बाहेरून लाल, आत मधोमध काळा पट्टा.

"कच्चं ऱ्हायलं," ती म्हणाली. "आच आत पोचलीच न्हाई. जाड झालंय हे मला ठावं हुतं. पिंपात भाजणार न्हाई हे बी ठावं हुतं. वरनं लाल दिसलं अन् मी भुलले."

आणि मग मला राहवलं नाही. मी म्हणाले की भाजलेलं असतं तरी सगळं ओझं त्या दोन भोकांवर होतं, मानेवर टांगायचंच कशाला? मधून पाइप घ्यायचा, आतल्या बाजूनं त्याला रुंद चकती लावायची, म्हणजे दिवा चकतीवर बसेल, ताटलीवर ठेवल्यासारखा. तार फक्त विजेची, वजनाची नाही. आई-अण्णा दोघंही माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात गादीवरून, डोळे न उघडता, दत्तूकाका म्हणाले, "माप दे, चकत्या मी साहेबांना विचारून भंगारातल्या पत्र्याच्या प्रेसवर मारून आणतो. आता झोपू द्या."

आई हसली. किती आठवड्यांनी ते मला सांगता येणार नाही, पण हसली, तोंडावर पदर धरून, आवाज न करता.

आता प्रश्न खऱ्या आव्याचा, म्हणजे कुंभाराच्या भट्टीचा होता. भरपूर आच लागेल अशी मोठी भट्टी दापोडीच्या गल्लीत पेटवणं शक्य नव्हतं. तो प्रश्न सोडवला बबनकाकांनी. अण्णा त्यांना भेटायला गेले असताना विषय निघाला, आणि गळ्यात हात अडकवलेले बबनकाका म्हणाले की पुनावळ्याला मुक्ताबाई म्हणून आहेत, त्यांचा कांदा मी मार्केटला नेतो, बांधाकडंला पडीक जागा आहे, विचारून बघतो. आईला हे कळलं तेव्हा ती खूश झाली नाही, उलट रडली. ज्याला आपण जायबंदी केलं त्यानंच वाट दाखवावी हे तिला सोसेना. पण ती गेली. बबनकाकांचा खांदा बरा झाल्यावर त्यांच्याच टेम्पोतून गेलो, मागं माती, शेण्या आणि अण्णांच्या फाउंड्रीनं भंगारात काढलेल्या, रीतसर विकत घेतलेल्या भट्टीच्या विटा.

पुनावळं तेव्हा निव्वळ गाव होतं. जिथं आज माझ्या खिडकीतून टॉवरच्या गॅलऱ्या आणि वाळत घातलेल्या चादरी दिसतात, तिथं ज्वारी होती. मुक्ताबाई उंच, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं तोडून. म्हणाल्या, "धूर हाय तर हाय, आमाला काय. पर वारं कडब्याच्या गंजीकडं असंल तवा पेटवायचं न्हाई." एवढाच करार झाला, आणि त्या असेपर्यंत तो कुणी मोडला नाही. अण्णांनी आणि आईनं मिळून आवा रचला. दोघं एकत्र काम करताना मी तेव्हाच पाहिली. अण्णा विटा लावायचे, आई हवेच्या वाटा सांगायची, आणि इथं झोपलेलं कुणी नसल्यामुळं दोघं चक्क मोठ्यानं बोलत होते. आईचा आवाज इतका खणखणीत आहे हे मला त्या बांधावर कळलं.

पहिला आवा सावकाश पेटवला, सावकाश निवू दिला. उघडल्यावर आईनं पहिलं काम काय केलं, तर एक चांगला दिवा उचलून फोडला. मोड बघितली, आरपार एकच लाल. मग दुसरा घेतला, पाइप-चकती बसवून बांधावरच्या जांभळीच्या फांदीला टांगला, त्याला वरचं वजन म्हणून वाळूची पिशवी लटकवली आणि खाली बसून तूर निवडायला लागली. मुक्ताबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं ए, खाली कशापायी बसलीस? पडंल की टाळक्यात."

"पडायचा तर माझ्यावर पडू दे," आई म्हणाली. "मग दुसऱ्याच्या घरात जाईल."

ती संध्याकाळपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिव्याखाली. मुक्ताबाईही मग शेंगा फोडायला तिच्याजवळ येऊन बसू लागल्या, आधी जरा लांब, मग फांदीखालीच. मी पुढं चाकणला एका कंपनीत काही वर्षं वायरिंगच्या लाइनवर काम केलं, चांगलं केलं, सुपरवायझरही झाले. पण तिथं कुठल्याही यंत्राला पास झाल्याचा हिरवा शिक्का मारताना मला त्या जांभळीखाली बसलेली आई आठवायची. नोकरी सोडून मी परत मातीकडं आले, तेव्हा लोकांना वाटलं मी सगळं सोडलं. मला तसं कधी वाटलं नाही.

दिवे तयार झाले तरी आई ते गल्लीत घेऊन कुणाच्या दारात गेली नाही. आमच्या खोलीत एक लावला आणि थांबली. मी म्हणाले, सांगून येऊ का सगळ्यांना? ती म्हणाली, न्हाई, ज्याला पायजे तो येईल. बरेच दिवस कुणी आलं नाही. मग एका सकाळी शेवंताकाकू आमच्या ओट्यावर आल्या. बसल्या नाहीत. आईकडं सरळ बघत म्हणाल्या, "ह्यांना रात्रपाळीचं भाडं लागलंय. दिवसा झोप होत नाही. आमचा दिवा कधी देता?"

आईनं विचारलं, "कुठं लावायचा?"

"होता तिथंच."

तो दिवा घडवायला आईनं वेळ घेतला. या वेळी खोपा नव्हता. वडाच्या पानांची एक फांदीच जणू, पानावर पान, खालची पानं झोपायच्या बाजूनं मिटलेली, चुलीच्या बाजूनं उघडी. जांभळीखाली ती त्याच्यासाठी सगळ्यात जास्त बसली. लावायचं काम माझं. मी स्टुलावर चढले, मेन बंद केला आहे ना ते दोनदा विचारलं, अँगलला पाइप पक्का केला, चकती आवळली, वायर जोडली. माझं आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम, आणि खाली उभे असलेले सगळे माझ्या हातांकडं बघत होते. उतरले. बटण दाबलं. भिंतीवर पानांच्या सावल्या पसरल्या आणि उजेड बरोबर तिथं पडला जिथं ताट मांडतात.

बबनकाकांनी हात धुतले आणि जेवायला बसले, पूर्वी बसायचे त्याच जागी. काकूंनी बाजरीची भाकरी आणि पिठलं वाढलं, कांदा फोडून दिला. आई दारात उभी होती, चौकट घट्ट धरून. मी स्टूल हातात घेऊन तशीच. शेवंताकाकूंनी वाढता वाढता एकदा वर पाहिलं, आईनं पाहिलं, मी तर डोळे खाली घेतलेच नव्हते. बबनकाकांनी भाकरी मोडली, मिरचीचा ठेचा मागितला, चाकणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या दिल्या, पुन्हा पिठलं मागितलं आणि ताट पुसून घेतलं. जेवण होईपर्यंत त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.